चार वर्षांच्या पोराचा मे महिन्यातला वाढदिवस अन् दर रविवारची रडारड

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. मुलगा २४ मेला चार वर्षांचा होतोय, मुलगी चौदा महिन्यांची, तुम्ही दोघंही नोकरीवर. मागच्या वाढदिवसाला हॉलमध्ये केक समोर आला अन् पोरगं कान झाकून जे रडायला लागलं ते थांबलंच नाही. यंदा सासूबाईंना साठ-सत्तर माणसं बोलवायची आहेत, मिस्टर म्हणतात काहीच नको करू, अन् तुम्ही मॅजिशियनला अ‍ॅडव्हान्स देऊन बसल्या. त्यात दर रविवारी बाहेर गेलं की शेवट रडण्यातच होतो, परवा तर फुटाळा तलावावर ते उडणारं लाईटचं खेळणं घेऊन दिलं नाही म्हणून रस्त्यावरच आडवं पडलं. अन् शेवटी तुम्ही विचारलंय की आमचा मुलगा हट्टी आहे की आमचंच काहीतरी चुकून राहिलंय.

मी नागपुरात बावीस वर्षं झाली पाळणाघर अन् प्लेग्रुप चालवते. डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही. पण चार वर्षांची पोट्टी इतकी पाहिली आहेत की कोणतं कशामुळे रडतंय हे बरेचदा दारातूनच कळतं.

तुम्ही मागच्या वाढदिवसाचं जे लिहिलंय त्यातल्या वेळा फक्त परत वाचा. दुपारी झोप नाही, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं. पाच वाजता शेरवानी घातली, मे महिन्यात, नागपुरात! साडेसातला हॉलवर गेलात, पाहुणे येता येता साडेआठ, केक नऊ वाजता. अन् घरी तो रोज किती वाजता झोपतो, तर साडेआठला, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ज्या वेळेला त्याचं शरीर झोप मागतं त्याच वेळेला तुम्ही त्याला स्पीकरच्या बाजूला उभं केलं, सत्तर माणसांनी एकदम टाळ्या पिटल्या, कोणीतरी तोंडावर स्नो स्प्रे मारला. मी रडली असती. तीन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते अन् एक ते दोन वर्षांच्यांना अकरा ते चौदा, दुपारची झोप त्यात धरून. त्यातली दुपारची गेली की संध्याकाळी तुमच्या हातात जे पोर असतं ते वेगळंच असतं. केकच्या साखरेनं पोरं चेकाळतात असं सगळेच म्हणतात, पण १९९५ मध्ये बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले तर साखरेचा वागण्यावर तसा परिणाम सापडला नाही. चेकाळतात ती गर्दीनं, आवाजानं अन् झोप उडाल्यानं. (दातांसाठी साखर कमी द्या, ते वेगळं.)

हे मी शहाणपणा करून सांगत नाही, माझंच सांगते. माझी मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा पाळणाघर सुरू करून मला पाच वर्षं झालेली होती, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांचं सगळं कळत होतं. तरी हॉल घेतला, अँकर आणला. तो माईकवर ओरडून राहिला, बर्थडे गर्ल कुठे आहे, बर्थडे गर्ल कुठे आहे, अन् बर्थडे गर्ल काही सापडेना. शेवटी गिफ्टच्या टेबलाखाली सापडली, टेबलक्लॉथच्या आत. बूट काढून बाजूला जोडीनं नीट ठेवलेले, अन् केकच्या डब्याची लाल रिबीन बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची, असं चाललेलं. मला पाहून इतकंच म्हणाली, "आई, हे लोक कधी घरी जातील?" आज ती इंजिनीअरिंगला आहे, तिला यातलं काही आठवत नाही. मला मात्र ती रिबीन आठवते.

तर माझं म्हणणं सरळ आहे. पोराचा वाढदिवस अन् घरच्यांचा कार्यक्रम हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत, एका संध्याकाळी एका हॉलमध्ये कोंबले की दोन्ही फसतात. सासूबाईंचं चुकत नाही हो, त्यांना नातू चार लोकांत मिरवायचा आहे, ओवाळायचं आहे, बहिणी-भावजया जेवल्या पाहिजेत, हे सगळं रास्त आहे. फक्त त्यासाठी पोरानं रात्री दहापर्यंत हसत उभं राहायची गरज नाही.

त्यावर माझ्याकडे एक तोड आहे, अन् आजपर्यंत दोन-तीन सासवांना मी ती पटवली आहे. तिथीचा वाढदिवस आजीला देऊन टाका. तारखेचा तुमचा. तिथी अन् तारीख बहुतेक वर्षी पुढेमागे असतातच, चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असतं अन् अधिक महिना आला की परत हिशोब सरकतो, कॅलेंडर घेऊन आजीलाच शोधू द्या. त्या दिवशी घरी औक्षण, आजीच्या हातचा शिरा नाहीतर पुरणपोळी, जवळचे नातेवाईक रात्री जेवायला. साठ माणसं घरात मावत नसतील तर दोन रविवारी तीस-तीस करा. औक्षण संध्याकाळी सहालाच उरकायचं, पोरगं फ्रेश असताना. नंतर मोठ्यांची जेवणं चालू राहोत, तो आतल्या खोलीत कूलरपुढे झोपला तरी कोणाचं काही अडत नाही. उलट झोपलेल्या नातवाचं कौतुक जास्त होतं.

आता तारखेचा. २४ मे म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायच्या अगदी तोंडावर, पारा पंचेचाळीसच्या आसपास, संध्याकाळी सहा वाजता सुद्धा गच्चीवर पाय ठेववत नाही. म्हणून मी म्हणते सकाळी करा. नऊ ते साडेदहा. लोक हसतात, सकाळी काय केक कापता म्हणून, हसू द्या. सकाळी पोरं झोपून उठलेली असतात, ऊन पूर्ण चढलेलं नसतं, घर अजून गार असतं, तुमची चिमणी पण तेव्हा जागी असते अन् पाहुणे गेले की तिची दुपारची झोप वेळेवर होते. अन् सगळ्यात मोठा फायदा म्हणजे साडेदहाला सगळे खरंच जातात, कारण ऊन तापायच्या आत प्रत्येकाला घर गाठायचं असतं. संध्याकाळच्या पार्टीत हे होत नाही, लोक बसूनच राहतात.

पोरं किती बोलवायची, तर माझा हिशोब वयाइतकी, फार तर एक जास्त. चारचा झाला तर पाच पोरं बस. सोबत एकेक मोठं माणूस येतंच, म्हणजे झाले दहा-बारा. मे महिन्यात तसंही अर्धी शाळा मामाच्या गावाला गेलेली असते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शाळेतल्या मित्रांसाठी जूनच्या शेवटी शाळा उघडली की वर्गात एक छोटंसं काहीतरी करा, आपल्या विदर्भात तशाही शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिराच उघडतात. पोराला दोन वाढदिवस झाल्याचा आनंद, तारीखबिरीख त्याला कुठे कळते.

दीड तासात काय करायचं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच नाही, म्हणजे गेम नाही, अँकर नाही. या वयाची मुलं बरेचदा एकमेकांसोबत खेळत नाहीत, एकमेकांच्या बाजूला बसून आपापलं खेळतात, अन् ते अगदी नॉर्मल आहे, बालवाडीच्या वयातल्या मुलांचं हे निरीक्षण १९३२ सालापासून पुस्तकांत आहे. म्हणून आमच्याकडे वाढदिवस असला की आम्ही तीन कोपरे मांडतो. एका कोपऱ्यात टबात पाणी अन् प्लास्टिकचे मग, गाळणी, चमचे. दुसऱ्यात कणकेचे गोळे, थोडं मीठ-तेल घालून मळलेले, एक हळदीचा पिवळा अन् एक बिटाचा गुलाबी, सोबत जुनं पोळपाट-लाटणं. तिसऱ्यात रिकामी खोकी. येणारं पोरगं दारात आईच्या पायाला चिकटून उभं राहतं, टबाकडे बघतं, अन् दोन मिनिटांत पाय सोडतं. हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल. मग एखादाच खेळ, ज्यात कोणी आऊट होत नाही. संगीत खुर्ची नको, चार वर्षांच्या पोराला आऊट म्हणजे त्याला घराबाहेरच काढल्यासारखं वाटतं. गाणं थांबलं की पुतळा, एवढं पुरतं. मग केक, मग खाणं, मग टाटा.

केक क्रीमचा आणू नका, मे महिन्यात दुकानातून घरी येईपर्यंत त्याची लापशी होते. साधा स्पंज नाहीतर रव्याचा घरचा. बाकी पोहे (पोरांचे बिनतर्रीचे म्हणजे तिखट रश्शाशिवायचे, मोठ्यांची तर्री वेगळ्या गंजात अन् ती गरम तर्री पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका), इडली, टरबुजाच्या फोडी बिया काढून, अन् शेवटी कपातलं आईस्क्रीम. प्यायला कैरीचं पन्हं. झालं. यापेक्षा जास्त कोणी खात नाही, प्लेटा उचलणाऱ्या बाईला विचारा.

आता जिथे मी अजिबात ऐकून घेत नाही ते. तुमच्या घरी चौदा महिन्यांची रांगती-चालती मुलगी आहे, ती खाली पडलेलं सगळं तोंडात घालणार. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकला तर श्वासाच्या नळीवर पडदा बसल्यासारखा चिकटतो अन् काढायला फार कठीण जातो. म्हणून फुगे उंचावर बांधा, फुटला की तुकडे लगेच कोणीतरी उचलायचे, ते काम एका माणसाचं नाव घेऊन सांगा, सगळ्यांना सांगितलं की कोणीच करत नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गोल कडक गोळ्या पाच वर्षांच्या आतल्यांच्या प्लेटमध्ये नकोच. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून. रिटर्न गिफ्टमध्ये लाईट लागणारी स्वस्तातली खेळणी नको, त्यातला गोल चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजल्यासारखी जखम करू शकतो, अशा वेळी घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. आता कळलं का, फुटाळ्यावर ते खेळणं तुम्ही घेऊन दिलं नाही ते बरंच केलं. अन् स्नो स्प्रे अन् गॅसचे फुगे पेटत्या मेणबत्तीजवळ नको म्हणजे नको. स्प्रेमधला गॅस पेट घेतो, अन् आपल्याकडे फुग्यांत बरेचदा हायड्रोजन भरलेला असतो, तो भडकतो. केकच्या वेळी कोणी हौशी काका स्प्रेची डबी काढतील, आधीच सांगून ठेवा. रिटर्न गिफ्ट म्हणून खडूंचा डबा द्या, नाहीतर एखादं पातळ गोष्टीचं पुस्तक. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याच्या सीझनला ज्यांचे वाढदिवस येतात त्यांना मी लाकडी नंदीच सुचवते, पण तुमचा मे आहे.

भेटी त्याच दिवशी सगळ्या फोडायच्या नाहीत. रोज एक. अन् धाकटीला वाईट वाटेल म्हणून तिच्यासाठी पण गिफ्ट आणायची पद्धत निघाली आहे, मला ती पटत नाही. तिला खोकं द्या, तिला तेच हवं असतं.

आता रविवार. तुम्ही लिहिलेला रविवार असा होता की साडेअकराला घरून निघाले, मॉल, मग हॉटेलात दीडला जेवायला नंबर लावला, मग कारमध्ये अर्धा तास डुलकी, मग परत एका दुकानात, मग फुटाळा. हा तुमचा रविवार झाला. त्याचा कुठे आहे? त्या खेळण्यासाठी रडला असं तुम्हाला वाटतं, मला वाटतं तो सकाळपासूनचं सगळं तिथे रडला, खेळणं फक्त समोर आलं.

माझा नियम, एका रविवारी एकच जागा, अन् जेवायला घरी. उन्हाळ्यात साडेसहाला निघा, साडेआठ-नऊला परत. महाराज बागेत नाहीतर अंबाझरीला, सोबत पराठ्याचा डब्बा अन् पाणी. उन्हाळ्यात लोखंडी घसरगुंडीवर बसवायच्या आधी आपला उलटा तळहात टेकवून पाहा, नऊ वाजताच तवा झालेला असतो. ऊन चढल्यावरच जमत असेल तर बंद जागा बघा, रमण सायन्स सेंटर किंवा अजब बंगला म्हणजे आपलं जुनं म्युझियम, फक्त सायन्स सेंटरच्या तारांगणाच्या अंधारात धाकटी रडणार हे धरून चाला अन् एकानं तिला घेऊन बाहेर थांबायचं. मेट्रो पण झकास, लोकमान्य नगरहून बसायचं, सीताबर्डीला उतरून जिना चढायचा-उतरायचा अन् परत यायचं. तुम्हाला वाटेल ही काय ट्रिप झाली, त्याला विचारा. मोतीबागचं नॅरोगेजचं म्युझियम आजोबांसोबत पाठवायला चांगलं, कारण छिंदवाड्याच्या छोट्या गाडीच्या गोष्टी त्यांच्याकडे असतात, तुमच्याकडे नाहीत. गोरेवाड्याची सफारी, रामटेक, खिंडसी हे सगळं नोव्हेंबरनंतर ठेवा. रामटेकला माकडं फार, पोराच्या हातात खाऊ देऊ नका.

अन् गेल्यावर त्याला जे बघायचं ते बघू द्या. आम्ही एकदा प्लेग्रुपची सात पोरं महाराज बागेत नेली होती. हरणं समोर उभी, अन् सातही पोरं पाठ करून एका माणसाला बघत बसली, जो पाईपनं नाली धुत होता. पंधरा मिनिटं. पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो, पाईप कोणाचा. मी दोनदा म्हटलं हरीण बघा रे, मग मीच गप्प बसली.

निघायच्या वेळची रडारड कमी करायला एक साधी गोष्ट सांगते. पाच मिनिटांनी निघायचं असं म्हणू नका, चार वर्षांच्या पोराला मिनिट कळत नाही. अजून तीनदा घसरगुंडी मग पाणी पिऊन घरी, असं म्हणा अन् मोजा, अन् तिसरीनंतर खरंच निघा. चौथी दिली की पुढच्या रविवारी तुमचं कोणी ऐकणार नाही. घरून निघतानाच सांगून ठेवायचं, आधी बाग, मग पराठा, मग घर, अन् आज काही विकत घ्यायचं नाही. तरीही आडवा पडलाच तर भाषण देऊ नका, ऐकायच्या स्थितीत तो नसतो. उचला, सावलीत न्या, पाणी द्या, शेजारी बसा. लोक बघतील. बघू द्या, त्यांची पण पोरं आहेत. अन् मनात चार प्रश्न विचारा, भूक, झोप, ऊन, शू. बहुतेक वेळा त्यातच उत्तर निघतं. उन्हातून आल्यावर मात्र पोर मलूल वाटलं, अंग तापलं, बराच वेळ शू झाली नाही तर तो रुसवा समजू नका, ओआरएस सुरू करून डॉक्टरांना फोन करा. अन् बंद कारमध्ये दोन मिनिटांसाठी सुद्धा कोणाला सोडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते.

हे सगळं सरसकट लागू होईलच असं नाही. काही पोरांना गर्दी मनापासून आवडते, माझ्याकडे एक होता, तो स्वतःच पाहुण्यांना माईकवरून बोलवायचा, त्याला पाच पोरांचा वाढदिवस करून दिला असता तर तो रडला असता. तुमचा तसा वाटत नाही. अन् एक विचारायचं राहिलं, तो फक्त हॉलमध्येच कान झाकतो की घरी मिक्सर, कुकरची शिट्टी, हँड ड्रायर यालाही घाबरतो? कपड्याचे टॅग टोचतात, नवीन माणूस आलं की रोजच लपतो, बोलण्यात मागे आहे, असं काही असेल तर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, घाबरून नाही, माहिती म्हणून. फक्त गर्दीत अन् झोपेच्या वेळीच होत असेल तर मला त्यात काही विशेष दिसत नाही.

मिस्टरांचं "काहीच नको" हे मात्र मी घेणार नाही. चार वर्षांचं पोरगं वर्षभर बोटं दाखवत असतं, मी इतक्या वर्षांचा होणार म्हणून. त्यांना केक आणायचं अन् टबात पाणी भरायचं काम द्या, आपोआप उत्साह येतो. सासूबाईंशी आज रात्रीच कॅलेंडर घेऊन बसा. अन् मॅजिशियनला उद्या सकाळी फोन करा, अ‍ॅडव्हान्स परत देत नसेल तर त्याला तिथीच्या दिवशी संध्याकाळी बोलवा, साठ मोठी माणसं टाळ्या वाजवतील, त्यांना जादू आवडते.